तीन कॅमेरे, एक तानपुरा : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

अखेर ठरलं. आमच्या सांगलीच्या मंडळाची यंदाची नाट्यसंगीताची मैफल तीन कॅमेऱ्यांवरून नेटवर थेट दाखवायची. पुण्या-मुंबईला गेलेली मुलं, अमेरिकेतले नातेवाईक, गुडघे दुखतात म्हणून जिना चढू न शकणारे जुने सभासद, सगळ्यांचा आग्रह होता.

तारखेवर अर्धा तास गेला. ५ नोव्हेंबर हवी होती. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजेसाहेबांपुढे पहिला नाट्यप्रयोग केला, तोच मराठी रंगभूमी दिन. पण त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात गौरवपदकाचा सोहळा असतो. आमचे निम्मे श्रोते तिकडे जातात आणि उरलेले निम्मे आपणही तिकडेच होतो असं मागाहून सांगतात. म्हणून शनिवार, ८ नोव्हेंबर.

रक्कम ९० हजार. खजिनदार काका म्हणाले, "वर एक रुपया गेला तर तुझ्या पगारातून." मी हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते म्हणून हे काम माझ्या गळ्यात. यंत्रातलं फार कळतं असं नाही, पण कोटेशन वाचता येतं.

माझी एक अट मी लिहून घेतली: सगळं सामान दोन पेट्यांत मावलं पाहिजे आणि एका माणसाला वरच्या मजल्यावर नेता आलं पाहिजे. २०१९च्या पुरात मंडळाचा अँप्लिफायर आणि दोन स्पीकर गावभागातल्या तळमजल्यावर बुडाले. कृष्णा पायऱ्यांवर आली तेव्हा चार जणांना ते उचलेनात.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पेढीवरून सुटून टेप घेऊन सभागृहात. रंगमंचाच्या कडेपासून मागच्या टेबलापर्यंत (यंत्रं तिथे ठेवायची) १९ मीटर. वायर भिंतीच्या कडेने न्यायची म्हणजे २४ मीटर धरायला हवी.

हा आकडा त्रासदायक आहे. कॅमेऱ्यातून निघते ती एचडीएमआय वायर, आणि साधी एचडीएमआय दहा-पंधरा मीटरनंतर भरवशाची राहत नाही. चित्र चमकतं, मध्येच काळं होतं. लांब न्यायचं तर एसडीआय (वेगळ्या जातीची वायर आणि जोडणी) लागतं. ते शंभर मीटरही जातं, पण प्रत्येक कॅमेऱ्याला दोन टोकांना दोन कन्व्हर्टर, म्हणजे तीन कॅमेऱ्यांना सहा. नुसता त्याचाच खर्च एका कॅमेऱ्याएवढा.

घरी येऊन जेवताना सुचलं, वायर लांब करण्यापेक्षा टेबलच जवळ आणावं. स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जायचं ते बटणावर निवडणारं यंत्र) डाव्या विंगेत ठेवला तर दोन कॅमेरे पाच-सहा मीटरवर येतात. तिसरा, समोरचा, आठव्या रांगेच्या कडेला. त्याला भिंतीकडेने १३ मीटर. त्या एकाच ठिकाणी चांगली वायर घ्यायची. गैरसोय एवढीच की मिक्सिंग करणाऱ्याला रंगमंच तिरका दिसेल. त्याने पाहायचा आहे मॉनिटर, रंगमंच कशाला?

२० सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष, त्यामुळे खरेदी नाही. काकांनी स्पष्ट सांगितलं, घटस्थापनेनंतर. बरंच झालं, तोवर उसनं आणून तपासता आलं.

आज स्वस्तातला मार्ग पाहिला: लॅपटॉपवर ओबीएस (प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर; ते फुकट आहे आणि चांगलं आहे), आणि कॅमेऱ्यांचं चित्र आत घ्यायला एचडीएमआय-ते-यूएसबी डोंगल. खोक्यावर ४के लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात वस्तू यूएसबी २.०ची, चित्र दाबून दाबून पाठवते. एक डोंगल छान चालला. दुसरा त्याच हबमध्ये लावला आणि पहिला बंद पडला. वेगळ्या पोर्टवर लावले तेव्हा दोन्ही आले. तिसऱ्याने लॅपटॉपचा पंखा सुरू झाला तो थांबेना.

पण खरी गोष्ट आवाजाची. भाच्याने ओबीएसमध्ये "आवाज स्वच्छ होतो" म्हणून नॉइज सप्रेशन चालू करून ठेवलं होतं. चाचणीची लिंक मिरजेला चाचांना पाठवली होती. आमचा तानपुरा त्यांच्याच हातचा आहे आणि दर पावसाळ्यानंतर जवारी (घोडी घासून तारेला आणलेला खुला झंकार) काढायला त्यांच्याकडेच जातो. पाच मिनिटांत फोन: "बेटी, गाणं येतंय, तानपुरा कुठाय?"

परत ऐकलं. खरंच नव्हता. गायिकेने श्वास घेतला की मागे शुकशुकाट. हे फिल्टर माणसाचं बोलणं ठेवायला आणि मागची सततची गुणगुण काढायला बनवलेलं आहे, आणि तानपुरा म्हणजे सततची गुणगुणच. पंख्याच्या घरघरीबरोबर षड्जही गेला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि सांगलीतल्या लॅपटॉपने त्यातला एक कचरा समजून झाडून टाकला.

ठरलं: आवाज सुधारणारी सगळी बटणं बंद. आणि कसोटीही ठरली. आपल्या कानांवर विश्वास नाही. चाचांना त्यांच्या साध्या फोनवर जवारी ऐकू आली तर आवाज पास.

२३ सप्टेंबर, मंगळवार

स्विचरवर निर्णय. ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी की एटेम मिनी प्रो, एवढाच प्रश्न उरला होता. दोन्हींत चार एचडीएमआय इनपुट. साध्याचा भाव कमी, पण त्यात मल्टिव्ह्यू नाही, म्हणजे सगळे कॅमेरे एका पडद्यावर एकदम दिसत नाहीत. ज्या कॅमेऱ्यावर जायचं तो हलतोय की स्थिर आहे, फोकस आहे का, हे न पाहताच बटण दाबायचं. शिवाय त्याला प्रक्षेपणासाठी लॅपटॉप लागतोच. प्रोमध्ये मल्टिव्ह्यू आहे, नेटची वायर सरळ त्यालाच लावता येते, आणि यूएसबी डिस्कवर रेकॉर्डिंगही होतं. लॅपटॉपच मधून निघाला, म्हणजे विंडोजचं अपडेट मैफलीच्या मध्यावर येण्याची भीतीही गेली.

एक खोट: प्रोला एचडीएमआय आउट एकच. त्यावर मल्टिव्ह्यू घेतला की सभागृहातल्या प्रोजेक्टरला काही उरत नाही. अध्यक्षांना बाहेरच्या पॅसेजमध्ये मोठा पडदा हवा होता. तो रद्द. कळवायचं काम काकांवर सोपवलं.

प्रो. कोटेशन ३६ हजार.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

स्विचर आला. झेंडू वाहून पूजा केली, मग खोकं उघडलं.

कॅमेरे विकत घ्यायचे नाहीत, हेही आज पक्कं केलं. वर्षातून चार मैफली. कॅमेरा पेटीत पडून जुना होतो आणि दोन वर्षांनी त्याला कुणी विचारत नाही. स्विचर, मिक्सर, माईक, वायरी मात्र दहा वर्षं चालतात. म्हणून कॅमेरे उसने किंवा भाड्याने. एक सभासदाचा जुना सोनी हॅन्डीकॅम (झूम लांबवर जातो, आपल्याला तेच हवं), एक भाच्याचा कॅनन एम५०, आणि एक शूटिंगवाल्या मामांचा भाड्याने.

मामा लग्नांची शूटिंग करतात, पंचवीस वर्षं. म्हणाले, "आठ तारीख म्हंजे तुळशीची लग्नं उरकलेली असत्यात. मी गावणार न्हाई. कॅमेरा आन् पोरगं देतो. पर ट्रायपॉड चांगला घ्या, त्यात काटकसर नको." कॅमेऱ्यापेक्षा ट्रायपॉडवर भर देणारा हा पहिलाच माणूस. त्यांच्याच ओळखीने फ्लुइड हेडचे (त्यावर कॅमेरा झटका न बसता फिरतो) दोन जुने ट्रायपॉड ६ हजारांत.

५ ऑक्टोबर, रविवार

मिरजेला. तानपुरा आणायचा होता आणि माईक कुठे लावायचा हे चाचांनाच विचारायचं होतं.

दुकानात भोपळे टांगलेले. मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात ते. चाचा घोडीवर कानस फिरवत होते. एक तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवला आणि तार एकदम उघडली. मी विचारलं, माईक भोपळ्यासमोर धरू? म्हणाले, "भोपळ्यापुढं धरलास तर नुसतं घूं घूं. घोडीकडं तोंड कर, वीतभर लांब, जरा तिरका. आवाज जन्मतो तिथं ऐक, पेटीत घुमतो तिथं नको."

हे मी नंतर तपासलं. आमच्याकडचा एसएम५८ माईक गाण्याला उत्तम, पण तो डायनॅमिक; तारेच्या वरच्या बारीक सुरांना जरा बहिरा. कंडेन्सर माईक ती जवारी उचलतो. त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्टची फँटम (माईकच्या वायरीतूनच जाणारी वीज) लागते. म्हणून कंडेन्सरची जोडी, ९ हजार: एक तानपुऱ्याला, एक सभागृहाकडे तोंड करून. टाळ्या आणि "वाहवा" आली नाही तर घरी बसलेल्याला मैफल स्टुडिओतली वाटते.

मिक्सर यामाहाचा छोटा, २१ हजार. काकांचा चेहरा पाहिला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज दिवसभर डोकं चक्रावलं. सविस्तर लिहिते, पुन्हा कुणाचा रविवार जाऊ नये.

मिक्सर उशिरा येणार होता, म्हणून आज सभागृहाच्या साऊंडवाल्या दादाकडूनच आवाज घेतला. त्याच्या मिक्सरच्या मेन आउटमधून नाही. छोट्या सभागृहात तबला तसाच ऐकू जातो, म्हणून दादा तो स्पीकरवर जवळजवळ देतच नाही. मेन आउट घेतला तर घरी फक्त गायक आणि पेटी जाणार. त्यामुळे ऑक्स सेंड (मिक्सरमधून आवाज बाहेर काढायची वेगळी वाट), तोही प्रीफेडर, म्हणजे दादाने सभागृहासाठी फेडर (आवाज कमीजास्त करायची पट्टी) वरखाली केला तरी आपला आवाज हलत नाही.

ऑक्सची एक एक्सएलआर वायर (माईकला असते ती, तीन पिनांची). स्विचरवर भोक साडेतीन एमएमचं, इअरफोनचं असतं तसं. बाजारातून एक्सएलआर-ते-साडेतीन अशी तयार वायर आणली, लावली. मॉनिटरवर मीटर हलतंय, हेडफोनवर आवाज आहे. जरा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा, पण आहे. चाचणी सुरू केली.

पुण्याहून बहिणीचा मेसेज: छान येतंय. भाचा: छान येतंय. चाचा: "बेटी, चित्र हाय, आवाज बंद हाय." काकांच्या फोनवरही मौन. त्याच काकांनी इअरफोन लावला की गाणं सुरू! काढला की गप्प. तासभर आम्ही फोन बदलत बसलो. दादा म्हणाला, नेट स्लो आहे. नेट स्लो असेल तर इअरफोनवर कसं येतं?

कारण असं. एक्सएलआरमध्ये एकच आवाज दोन तारांवरून जातो, एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. पुढचं यंत्र त्या दोघांतला फरक घेतं, त्यामुळे वाटेत शिरलेली खरखर कटते. बॅलन्स्ड म्हणतात ते हेच. पण साडेतीन एमएमच्या स्टिरिओ पिनला हे माहीत नसतं. तिने सुलटा आवाज डाव्या कानाला दिला, उलटा उजव्या. इअरफोनवर दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात, म्हणून नुसतं पोकळ वाटतं. एकाच स्पीकरचा फोन डावं-उजवं एकत्र मिळवतो. अधिक एक आणि उणे एक. उरलं शून्य.

हिशेब लिहिणारीला हे कळायला चार तास लागावेत याची लाज वाटली.

उपाय: दादाची वायर आपल्या मिक्सरच्या एक्सएलआर इनपुटमध्ये घ्यायची (तिथे वजाबाकी नीट होते), पॅन (डावं-उजवं ठरवणारं बटण) मध्यावर, आणि मिक्सरच्या लेफ्ट-राइट जॅकमधून वाय वायरने स्विचरला. स्विचरमध्ये इनपुट "माईक"वरून "लाइन"वर, नाहीतर आवाज फाटतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मिक्सर आला. वरचं सगळं तसं जोडलं. काकांचा फोन बोलला.

पण आता गुंजन. पन्नास हर्ट्झची, तानपुऱ्याच्या खालीच बसलेली, म्हणून आधी कुणाला जाणवली नाही. तानपुरा थांबला आणि ती उरली. दादाचा मिक्सर रंगमंचाच्या बोर्डावर, आमचं टेबल विंगेतल्या वेगळ्या बोर्डावर. दोन अर्थिंगमधून वर्तुळ तयार झालं. कुणीतरी सुचवलं, प्लगची अर्थची पिन काढा. सपशेल नकार. ओल्या हाताने माईक धरणारा गायक आपलाच असतो. दोन्ही टेबलं एकाच बोर्डावर आणली, निम्मी गेली. मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स घालून ग्राउंड लिफ्टचं (फक्त आवाजाच्या वायरीतली अर्थची जोड तोडणारं) बटण दाबलं, बाकीची गेली. २ हजार.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. पेढीवर वह्यापूजनाची तयारी. काम शून्य.

२६ ऑक्टोबर, रविवार

तीन कॅमेरे पहिल्यांदा एकत्र. एकाच गायिकेच्या तीन साड्या दिसल्या: एकीत केशरी, एकीत गुलाबी, एकीत विटकरी. तिन्ही कॅमेरे ऑटो व्हाइट बॅलन्सवर होते आणि जो तो आपल्या मनाने रंग ठरवत होता. तिघांसमोर तोच पांढरा कागद धरून हाताने सेट केलं, मग लॉक. नंतर दिवे बदलायचे नाहीत, हे दिवेवाल्याला दोनदा सांगितलं.

भाच्याचा कॅमेरा एनटीएससीवर (अमेरिकेकडची चित्रपद्धत), सेकंदाला ३० फ्रेमवर होता; त्यात मागची ट्यूब लुकलुकत होती. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची. सगळे पॅलवर (आपल्याकडची पद्धत), २५ फ्रेम, शटर एक-पन्नासांश. स्विचरचा फॉरमॅटही हाताने ठरवला, नाहीतर तो पहिली वायर ज्या कॅमेऱ्याची लागेल त्याचंच ऐकतो. एम५०ला खोटी बॅटरी घातली (आत सेल नाही, वायर निघून प्लगला जाते). तरी दहा मिनिटांनी स्क्रीन झोपली. ऑटो पॉवर ऑफ मेनूत तीन पानं आत दडलेलं होतं.

आवाज चित्राच्या पुढे धावत होता. तबल्यावर थाप आधी ऐकू येते, हात मागून पडतो. कॅमेऱ्याला चित्र तयार करायला वेळ लागतो, माईकला लागत नाही. समोर टाळी वाजवून रेकॉर्ड केलं, फ्रेम मोजल्या: तीन. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलिसेकंद, म्हणजे १२०. स्विचरमध्ये आवाजाला तीन फ्रेम उशीर दिला, जुळलं.

बटणांवर कुणी बसायचं? भाच्याला हौस आहे, पण तो दर दोन सेकंदांनी कॅमेरा बदलतो. बघताना बोटीत बसल्यासारखं होतं. तबला शिकणाऱ्या एका मुलीला बसवलं. तिला काहीच सांगावं लागलं नाही. तान चालू असताना ती थांबते आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कट करते. कॅमेरावाल्यांशी बोलायला मोबाइलवर ग्रुप कॉल, एका कानात इअरफोन. इंटरकॉमचे पैसे वाचले.

१ नोव्हेंबर, शनिवार

नेट. सभागृहात मोबाइलचं नेट रिकाम्या खुर्च्यांसमोर झकास आहे, पण दीडशे फोन आत आले की काय होईल सांगता येत नाही. समोरच्या किराणा दुकानदारांचं फायबर आहे. "न्या की ताई, त्यात काय विचारताय." रस्त्यावरून, विजेच्या खांबापासून लांब राखून, ३५ मीटर लॅनची वायर, शंभर मीटरच्या आत आहे, चिंता नाही. अपलोड २० एमबीपीएसच्या वर. आम्ही ४ एमबीपीएसवरच पाठवणार. बघणारे फोनवर बघणार आहेत. चित्र अडकण्यापेक्षा थोडं मऊ असलेलं बरं.

रंगीत तालीम चालू असताना लाईट गेली. आमचा यूपीएस चालला, स्विचर चालला, कॅमेरे चालले, प्रक्षेपण बंद. दुकानातला राउटर विझला होता! त्याला छोटा यूपीएस घरून आणून दिला. दुकानदार म्हणाले, मैफल झाली तरी राहू दे इथंच.

मध्यंतरात जुनी ध्वनिमुद्रिका लावायची कल्पना मोडून काढली. यूट्यूबची यंत्रणा रेकॉर्ड ओळखते आणि चालू प्रक्षेपण अडवू शकते. मध्यंतरात फक्त सभागृहाचा माईक आणि चहाची कुजबुज.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी ३ला जोडणी, ५ला चाचणी, साडेसहाला सुरुवात, म्हणजे पावणेसातला.

पहिल्या वीस मिनिटांत समोरचा कॅमेरा दोनदा काळा झाला. १३ मीटरची वायर खुर्चीच्या पायाखाली आली होती. मामांच्या पोराने ती गुडघ्यावर बसून धरून ठेवली, मध्यंतरापर्यंत. त्याला पहिला चहा.

दुसऱ्या नाट्यपदानंतर दादाने गायकाला स्पीकरवर वाढवलं, मी घाबरून मीटरकडे पाहिलं. आमचा आवाज जागचा हलला नाही. प्रीफेडरचे पैसे वसूल. (तसे ते फुकटच होते.)

अध्यक्षांच्या भाषणात बटणांवरची मुलगी ११ मिनिटं एकाच कॅमेऱ्यावर राहिली. सम आली नाही म्हणाली.

भैरवीच्या आधी तानपुरा पुन्हा लावायला घेतला. सभागृह गप्प, नुसत्या चार तारा. मी मिक्सरवरच्या कशालाही हात लावला नाही. फोन थरथरला. चाचांचा मेसेज, आवाजात रेकॉर्ड केलेला, नंतर ऐकायचं म्हणून ठेवला, मग राहवेना: "खर्ज एक केसभर उतरलाय. सांग त्यांना." विंगेतून खूण केली. तानपुऱ्यावरच्या मुलीने मणी सरकवला.

९ नोव्हेंबर, रविवार

हिशेब. स्विचर ३६, मिक्सर २१, माईकची जोडी ९, वायरी-अडॅप्टर-खोटी बॅटरी मिळून ९, ट्रायपॉड ६, मामांचं भाडं ३, डीआय २. एकूण ८६ हजार. ४ उरले. काकांनी आकडा दोनदा तपासला आणि काही बोलले नाहीत.

पुढच्या वेळी: समोरच्या कॅमेऱ्यापुरती एसडीआय आणि दोन कन्व्हर्टर, त्या चारातून. वायरीवर चटई. भाषणासाठी चौथा इनपुट.

सामान दोन पेट्यांत मावलं, वर नेलं. एक्सएलआर-ते-साडेतीनची ती तयार वायर टाकून द्यायला काकांनी बंदी केली, पैसे मोजलेत म्हणून. तिला लाल चिकटपट्टी गुंडाळून, "इअरफोनवाल्यांसाठी" असं लिहून तळाशी ठेवली.